नवेगावबांधची सहल आणि नोर्ग्येलिंगचा चहा

शाळेची सहल निघाली की गुरुजी-बाईंचा सारा दिवस पोरांची डोकी मोजण्यात जातो. कुणाला गाडी लागते, कुणाची चप्पल हरवते, कुणी डबाच घरी विसरून येतो. संध्याकाळी सगळी पोरे आपापल्या आईबापांच्या हवाली केली की हायसे वाटते. पण दिवसभरात काय पाहिले असे कुणी विचारले तर सांगता येत नाही. नवेगावबांधला आम्ही अशा दोन सहली घेऊन गेलो होतो आणि दोन्ही वेळा तलाव नीट न पाहताच परतलो होतो. म्हणून या डिसेंबरात आमच्या शाळेतल्या आणि शेजारच्या गावातल्या शाळेतल्या शिक्षकांनी ठरवले की एक रविवार आपला. पोरे मोजायची नाहीत, तलाव पाहायचा.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे नवरा-बायको. दोघेही जिल्हा परिषदेचे शिक्षक, मूळचे बीड जिल्ह्यातले. गोंदिया जिल्ह्यात नेमणूक झाल्याचा कागद हाती आला, तेव्हा घरच्यांनी भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा काढून जमिनीवर पसरला होता. गोंदिया सापडले ते अगदी उजव्या कडेला, जिथे महाराष्ट्र संपतो आणि मध्य प्रदेश, छत्तीसगड सुरू होतात. आई म्हणाली, "एवढ्या परमुलखात कशाला धाडतंय सरकार?" त्याला आता नऊ वर्षे झाली. आमची मुलगी इथेच जन्मली, इथल्याच शाळेत तिसरीत आहे. दरवर्षी आम्ही जिल्हा बदलीचा अर्ज भरतो. यंदाही भरला आहे. आई गावी एकटी असते, तिचे गुडघे दुखतात, हे त्यामागचे कारण. सहलीला निघताना मनात एक गोष्ट होती ती लपवत नाही. बदली झालीच तर हा मुलूख एकदा डोळे भरून पाहून घ्यावा, असे आम्हाला वाटत होते.

पहाटे सहाला निघालो. एक मोठी जीप, मागे दोन मोटारसायकली, अकरा मोठी माणसे आणि चार मुले. गोरेगाव, सडक अर्जुनी मागे टाकून कोहमाऱ्याला आलो. इथे मुंबईहून कोलकात्याला जाणारा महामार्ग आडवा येतो. चौकात चहा घेतला आणि दक्षिणेच्या रस्त्याला लागलो. गोंदियाहून नवेगावबांध साठ-पासष्ट किलोमीटर असेल.

धान कापून झाले होते. बांध्यांमध्ये धानाचे पुंजणे रचलेले, कुठे चुरणे चाललेले. ओल धरून असलेल्या बांध्यांत लाखोरीचे कोवळे हिरवे पोपटले होते. वाचकहो, 'बांधी' म्हणजे धानाचे बांध घातलेले शेत, 'परहे' म्हणजे धानाची रोपे, 'बोडी' म्हणजे शेतातले छोटे तळे. हे शब्द आम्हाला कुठल्या पुस्तकाने शिकवले नाहीत, वर्गातल्या पोरांनी शिकवले. पहिल्या वर्षी एक पोरगा उठून म्हणाला, "सर, पानी प्याले जाऊ का?" आम्ही त्याला 'प्यायला' म्हण म्हणून दोनदा सांगितले. तो बिचारा तहानलेला उभा राहिला. आज ते आठवले की आमचीच लाज वाटते. पाणी मागणाऱ्याला आधी पाणी द्यावे, व्याकरण मागाहून.

वाटेत जवळपास प्रत्येक गावाला एक तलाव लागत होता. आमच्या बीडकडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात. इथे आल्यावर पहिल्यांदा एवढे पाणी पाहून आमचा विश्वासच बसला नव्हता. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. इंग्रजी अमदानीत गावचा सारा गोळा करणारा तो मालगुजार, आणि त्याच्या ताब्यातला तो मालगुजारी तलाव. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. तेव्हापासून त्यांना 'माजी मालगुजारी' म्हणतात. सरकारी कागदावर त्याचे 'मामा तलाव' झाले. आमच्या मुलीला हे नाव फार आवडते. "हा कोणाचा मामा?" असे ती प्रत्येक गावाला विचारत होती.

आमच्यासोबत मोरगाव अर्जुनीकडचे एक सहकारी गुरुजी होते. ते ढिवर समाजाचे. त्यांचे वडील, आजोबा सारे तलावात मासे धरून जगले. त्यांनी वाटेतल्या एका तलावाशी जीप थांबवली आणि पाळीवर नेऊन दाखवले. मातीची पाळ तलावाला कमरेसारखी वळसा घालते. पाळीच्या पोटात पाणी सोडण्याची जुनी सोय असते, तिला इथे 'तुडूम' म्हणतात. पावसात तलाव भरतो. धानाला ओढ बसली की तुडुमातून पाणी सोडतात, ते पाटाने या बांधीतून त्या बांधीत उतरत जाते. पंप नाही, वीज नाही. उतार कुठे आहे हे ओळखणारा डोळा हवा, एवढेच. गुरुजी म्हणाले, "सर, आमचे बुढे बाबा नुसतं पानी पाहून सांगत, यंदा मासोळी कोन्या कोपऱ्यात बसन."

नऊच्या सुमारास नवेगावबांधला पोचलो. झाडी संपली आणि एकदम पाणीच पाणी दिसले. सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा हा पसारा. भोवती डोंगर. त्यांना लोक 'सात बहिणी' म्हणतात. तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. कोहळी हे तलाव बांधण्यात आणि ऊस पिकवण्यात वाकबगार. लोकांनी पुढे कोलू पाटलाचा देव केला, तो कोलासुर देव. सात बहिणींनी बांध घालायला मदत केली अशी लोककथा आहे.

आम्ही पाळीवर उभे राहून हे ऐकत होतो. आमच्या मुख्याध्यापक बाई मोठ्या मोकळ्या स्वभावाच्या. त्या म्हणाल्या, "पाटलाचं नाव राहिलं, बहिणींचं राहिलं. पन टोपल्यानं माती कोनी वाहली, त्याहिचं नाव कुठी आहे?" आम्ही सगळे गप्प झालो. एवढी पाळ घालायची तर किती उन्हाळे, किती बायाबापड्यांची डोकी त्या टोपल्यांखाली गेली असतील. ज्याने योजना केली त्याचे मोठेपण आहेच, ते कुणी नाकारू नये. पण पाळीवरून चालताना आपल्या पायांखाली ज्यांची मेहनत आहे, त्यांचाही विचार मनात यायला हवा. आपल्या मुलांना तलाव दाखवाल तेव्हा त्यांना हेही सांगा.

तलावाच्या मधोमध एक बेट आहे, मालडोंगरी. त्यावर दाट झाडी. आम्ही नावेत बसलो. समुद्रातली बेटे आम्ही चित्रातच पाहिलेली. अंदमानला जाऊ असे लग्नानंतर ठरले होते, ते अजून ठरलेलेच आहे. पण नाव काठापासून सुटली, चारी बाजूंनी पाणी झाले आणि समोर हिरवे बेट हळूहळू मोठे होऊ लागले, तेव्हा बीडच्या या दोन माणसांना अंदमानाची उणीव वाटली नाही. मुलीने पाण्यात हात घातला आणि किंचाळली, "गार आहे!" नाव मध्यावर आली तेव्हा इंजिनाने दम तोडला. पंधरा-वीस मिनिटे आम्ही तसेच तरंगत राहिलो. कुणी घाबरले, कुणी हसले. ढिवर गुरुजी मात्र खूश झाले. म्हणाले, "आता खरा तलाव आयकाले येते." आणि खरेच, इंजिन थांबल्यावर बेटावरून पक्ष्यांचा कलकलाट ऐकू आला. काठाकाठाने एक माणूस लाकडाच्या डोंग्यात उभा राहून बांबूने डोंगा रेटत चालला होता. त्याला इंजिनाची काळजी नव्हती.

बेटावर आम्ही उतरलो नाही. पाणपक्ष्यांची ती वसतीची जागा, तिथे गलका करायचा नाही असे आधीच ठरले होते. लांबून पाणकावळे दिसले, पंख वाळवत बसलेले. बदकांचे थवे पाण्यावर पसरलेले. इथल्या पक्ष्यांची आणि जंगलाची ओळख मराठी वाचकाला करून दिली ती मारुती चितमपल्ली यांनी. ते वनखात्यात अधिकारी म्हणून इथे राहिले आणि 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तक त्यांनी लिहिले. सोलापूरचा माणूस, नोकरीने इथे आला, आणि इथल्या ढिवरांकडून, गोंडांकडून, गावकऱ्यांकडून पाखरांची नावे शिकला. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, २०२५ साली पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. शिकवायला आलेल्या माणसाने आधी शिकायचे असते, हे त्यांच्याकडे पाहून कळते. आम्हाला कळायला मात्र नऊ वर्षे लागली.

हिवाळ्यात विदर्भातल्या तलावांवर एक पाहुणा येतो, पट्टकादंब हंस. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असतात म्हणून हे नाव. उन्हाळ्यात तो तिबेट, लडाख, मंगोलियाकडे अंडी घालतो आणि थंडी पडली की हिमालय ओलांडून आपल्याकडे उतरतो. सात हजार मीटरपेक्षा अधिक उंचीवरून हे पक्षी उडाल्याची नोंद आहे. त्या दिवशी आम्हाला तो दिसला नाही. पण तिबेटचे नाव निघाले आणि बाईंनी आठवण केली की दुपारी आपल्याला गोठणगावला जायचे आहे. त्याविषयी पुढे सांगतो.

काठावर येऊन डबे उघडले. इथल्या सहकाऱ्यांच्या डब्यात भात, वरण, झिंग्यांचे कालवण. आमच्या डब्यात बाजरीच्या भाकरी आणि ठेचा. पाच मिनिटांत सगळे डबे सगळ्यांचे झाले. ढिवर गुरुजी जेवताना सांगत होते. मधल्या काळात तलावांत बेशरमाची झुडपे माजली, रोहू-कटल्याचे बीज सोडले गेले आणि मरळीसारखे देशी मासे कमी झाले. गरिबाच्या ताटातला मासा गेला. मग मोरगाव अर्जुनी तालुक्यात ढिवर समाजाच्या बायांनीच पुढाकार घेतला. बेशरम उपटले, पाण्यातल्या देशी वनस्पती शोधून तलावात पुन्हा लावल्या. माशांना खायला आणि लपायला जागा झाली, पाखरांनाही झाली, आणि देशी मासे हळूहळू परत आले. ज्या बायांना आधी सहकारी संस्थेच्या सभेत कोणी विचारत नसे, त्या आता तलावाबद्दल साहेबांसमोर बोलतात.

आमच्यापैकी सौ.ना त्यावेळी आपली आजी आठवली. आजीच्या लहानपणी गावच्या आडावर आपल्या लोकांना दोर टाकता येत नसे. वरून कोणी ओतील तेवढे पाणी, आणि ओतणारा येईपर्यंत उन्हात बसायचे. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते आजीला कुणी सांगितले तेव्हा ती म्हणाली होती, "मग आपल्या आडाचं कधी?" तिची पणती आज नवेगावच्या तलावात कोपरापर्यंत हात घालून खेळत होती आणि तिला कोणी विचारत नव्हते. तिला हे सांगावे की न सांगावे? आम्ही सांगितले. तिने हात बाहेर काढला, पाण्याकडे पाहिले आणि पुन्हा हात आत घातला.

दुपारी गोठणगावकडे निघालो. या बाजूला गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण आहे. जवळच प्रतापगडचा डोंगर आहे. तिथे महादेवाचे ठाणे आणि दर्गा दोन्ही आहेत आणि दोन्हीकडची माणसे दोन्हीकडे जातात. आम्हाला जायचे होते ते तिबेटी वसाहतीत, नोर्ग्येलिंगला. १९५९ साली दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून हजारो तिबेटी आले. सरकारने देशात ठिकठिकाणी त्यांच्या वसाहती वसवल्या. त्यांतली ही १९७२ सालची. डोक्यावर बर्फ घेऊन जगलेली माणसे, आणि वाट्याला आला गोंदियाचा उन्हाळा!

वसाहतीत शिरताच झाडांना बांधलेल्या रंगीत पताका दिसल्या. धानाच्या बांध्या तशाच, पुंजणे तसेच. घरापुढे मात्र तिबेटी अक्षरे. बाईंच्या ओळखीच्या एक तिबेटी शिक्षिका भेटल्या. "ताशी देलेक" म्हणाल्या. आम्ही "जयभीम, नमो बुद्धाय" म्हणालो. त्यांनी हात जोडले आणि चांगल्या मराठीत म्हणाल्या, "या, बसा. चहा घ्या." आधी गोड चहा झाला. मग मुलीच्या हट्टापायी मीठ-लोण्याचा तिबेटी चहाही आला. मुलीने एक घोट घेतला, तोंड वाकडे केले, आणि पाहुणेपणा म्हणून कप पूर्ण संपवला.

गोंपात गेलो. बुद्धमूर्तीपुढे दिवे तेवत होते. त्यांची पूजा वेगळी, वाद्ये वेगळी, भिंतींवरची चित्रे वेगळी. आपल्या विहारात असते तशी साधी मांडणी नाही. पण बसल्यावर त्या शिक्षिकेने सांगितले की आम्हीही बुद्ध, धम्म आणि संघाला शरण जातो, तेव्हा आम्हाला परके वाटेना. भाषा समजत नव्हती तरी कुठे काय म्हणत असतील याचा अंदाज येत होता.

बाहेर पायरीवर बसून बोलणे झाले. त्या म्हणाल्या, "आजोबा सांगायचे, दोन-तीन वर्षांत परत जाऊ. काही सामान त्यांनी सोडलंच नव्हतं. ते इथेच वारले. बाबा इथे धानाची शेती शिकले. थंडीत स्वेटर विकायला शहरात जायचे. मी इथेच जन्मले. तरी माझ्याकडे नोंदणीचा दाखला असतो, तो जपावा लागतो." मग त्यांनी विचारले, "तुम्ही कुठले?" आम्ही म्हणालो, बीडचे. "मग परत कधी जाणार?"

आम्ही उत्तर देण्याआधीच मुलगी म्हणाली, "आमी इथलेच आहो!" सगळे हसले. आम्हीही हसलो, पण तो प्रश्न मनात राहिला. आमच्या परतीला एक अर्ज आहे. तो भरता येतो, त्याचा क्रमांक लागतो, आज नाही तर उद्या हुकूम निघतो. या बाईंच्या परतीला अर्जच नाही. आणि तरी त्या पाहुण्यांना बसा म्हणतात, पोरांना शिकवतात, शेजारच्या गावच्या लग्नाला जातात. नऊ वर्षे आम्ही इथे पेटी बांधून ठेवल्यासारखे राहिलो. घरात बरे कपाट घेतले नाही, दारात झाड लावले नाही, कारण काय, तर बदली होणार. मुलूख परका नव्हता, आम्हीच परके राहिलो होतो.

परतताना अंधार पडला. जीपमध्ये मुले झोपली. ढिवर गुरुजी मागे मोटारसायकलवर गारठले होते, त्यांना आमची शाल दिली. त्यांनी ती अजून परत केलेली नाही आणि आम्ही मागणारही नाही.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले, पाखरे असतात आणि ऊन सोसते. रेल्वेने यायचे तर गोंदिया–बल्लारशा मार्गावर देवलगाव स्टेशन जवळ पडते. १९७५ सालापासून हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. जंगलातल्या सफारीची नोंदणी वेगळी करावी लागते. पावसाळ्यात ती बंद असते. डबा घरून न्या, प्लास्टिक परत आणा. नावेत मुलांना मध्ये बसवा. गोंपात जाताना शांतता पाळा आणि फोटो काढण्यापूर्वी विचारा. आणि एखाद्या तलावाच्या पाळीवर थोडे तरी चाला.

बदलीचा अर्ज आम्ही मागे घेतलेला नाही. आईचा प्रश्न खरा आहे, तो सहलीने सुटत नाही. पण आईला या थंडीत इकडे आणायचे ठरले आहे. फोनवर म्हणाली, "एवढं पानी हाय व्हय तिकडं?" म्हटले, ये आणि बघ. दारात आम्ही आंब्याचे रोप लावले आहे. त्याला फळ येईल तेव्हा आम्ही इथे असू की नसू, सांगता येत नाही. ज्या गुरुजींचे बिऱ्हाड आमच्यानंतर या खोलीत येईल, त्यांची पोरे खातील.